काश्यपगोत्री लार्सनबाई

मी देव पाण्यात ठेवला आणि काम झालं नाही, असं आजवर एकदाही घडलेलं नाही! बढाई नाही हं मारत. बढाई मारायला आवाज लागतो, आणि माझा आवाज म्हणजे उशीखाली ठेवलेल्या मोबाईलची थरथर. पण खरं ते खरं. आमचा सूरज दहावीला गणितात पास होणं म्हणजे दिघ्याच्या डोंगरावर बर्फ पडण्यासारखं होतं. मी गणपती पाण्यात ठेवला, सूरज पास! यांच्या रबाळ्याच्या कंपनीत माणसं कमी करायला काढली, मी गणपती पाण्यात ठेवला, यांची खुर्ची शाबूत! सोसायटीची लिफ्ट गुढीपाडव्याला जी रुसली ती थेट गणेशोत्सवापर्यंत. शेवटी कमिटीने हात टेकले, मी गणपती पाण्यात ठेवला, आणि लिफ्ट अशी सुरू झाली की मधल्या मजल्यांवर थांबायलाच तयार नाही!

रीत साधी आहे. तांब्याचं तपेलं, त्यात पाणी, पाण्यात आमचा चांदीचा गणपती, वर ताटली. काम होईपर्यंत ताटली उचलायची नाही, रोज तिच्यावरच दूर्वा वाहायच्या. आणि तोवर घरात भात शिजवायचा नाही. मी कोकणातली. भात सोडणं म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत. बहुधा गणपतीलाही माहीत असावं, म्हणून तो लवकर आवरतं घेतो.

आमचे हे, म्हणजे चंद्रशेखर, देव मानत नाहीत. दर वेळी तपेलं बघितलं की म्हणतात, "शर्मिला, तो बुद्धीची देवता आहे. पाणबुडा नाही."

मी पोळ्या वाढते.

तर यंदा चैत्र लागायच्या सुमारास अमेरिकेतून अमिताचा फोन आला. अमिता आमची धाकटी. तिकडे वरच्या अंगाला, दूधदुभत्याच्या एका राज्यात असते. गेल्या वर्षी तिथली नागरिक झाली.

"आई, आमच्याकडे सुप्रीम कोर्टाची निवडणूक आहे! माझं पहिलं मत!"

"सुप्रीम कोर्टाची? दिल्लीतल्या?"

"नाही गं, राज्याच्या. इथे प्रत्येक राज्याचं आपलं वेगळं सुप्रीम कोर्ट असतं. आणि आमच्याकडे न्यायाधीश लोक मत देऊन निवडतात."

मी हातातली वात खाली ठेवली. "न्यायाधीश मतं मागत फिरतो? आणि उद्या त्याच्यासमोर उभं राहिलं की तो आधी विचारणार, मत दिलं होतंत का?"

"म्हणून तर मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं."

"मग कोण कुणाचं, हे कळतं कसं?"

"सगळ्यांना माहीतच असतं!"

म्हणजे थेट आमच्या सोसायटीसारखं! आमच्याकडेही पक्ष नाहीत. पण पार्किंगवाले कोण आणि गार्डनवाले कोण, हे वॉचमनच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे.

अमिताने मग मला सगळं समजावलं. सात खुर्च्या. तीन एका विचाराच्या, तीन दुसऱ्या, सातवी रिकामी. तिच्यावर जो बसेल त्याचं पारडं जड. मतदारसंघाच्या रेषा कुठून ओढायच्या, मतदानाचे नियम काय, अशा सगळ्या भांडणांचा निकाल त्या एका खुर्चीवर अवलंबून! त्यामुळे साऱ्या देशाचे पुढारी आणि साऱ्या देशाचा पैसा त्या थंड राज्यात येऊन पडलेला. एका बाजूला लार्सनबाई, दुसऱ्या बाजूला हॉफमनसाहेब. अमिता लार्सनबाईंची. ऑफिस सुटलं की बर्फ तुडवत दारोदार पत्रकं वाटत होती.

"आणि आई, मतदान झालं की पुढच्याच आठवड्यात मी येतेय. तिकीट काढलंय. हळदीकुंकवाला मी घरी!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला अमिता घरी असणं, हे सुख मी किती वर्षं बघितलं नव्हतं!

"फक्त फेरमोजणी व्हायला नको," ती म्हणाली. "झाली तर मला आमच्या बाजूने लक्ष ठेवायला मोजणीच्या टेबलावर बसावं लागेल. मग तिकीट रद्द."

म्हणजे लार्सनबाईंनी नुसतं जिंकून चालणार नव्हतं. दणक्यात जिंकायला हवं होतं!

मी तपेलं घासायला घेतलं.

संकल्प सोडताना एक अडचण आली. नाव ठीक, पण गोत्र? अमिताला विचारलं, तर म्हणाली, "आई, मी त्यांची पत्रकं वाटते. त्यांच्या पंगतीला बसत नाही!" गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं, असं शास्त्र आहे. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "काश्यपगोत्री लार्सनबाईंना भरघोस मतांनी न्यायासनावर बसव रे बाबा." गणपती पाण्यात, ताटली वर, तांदळाचा डबा बंद.

माझी चूक एवढीच झाली की मी हे भजनी मंडळात सांगितलं.

आमच्याच मंडळात वरच्या मजल्यावरच्या हेतलबेन आहेत. सकाळी पूजेच्या फुलांची देवाणघेवाण, संध्याकाळी ढोकळ्याची. मी सांगत असताना त्या काहीच बोलल्या नाहीत. हेतलबेन गप्प! कुकरवर शिट्टीच न लावल्यासारखं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी मी वर गेले, तर त्यांच्या देवघरात स्टीलचं पातेलं आणि वर झाकण!

"हेतलबेन, हे काय?"

"तुम्हीच तर शिकवलं ना शर्मिलाबेन! माझा प्रणय पण तिकडेच आहे. तो हॉफमनवाला आहे." त्या जरा ताठ झाल्या. "तो म्हणतो, कायदा करायचं काम निवडून दिलेल्या लोकांचं. न्यायाधीशाने कायदा वाचायचा, नवीन लिहायचा नाही. मला पटलं."

"आणि प्रणय येणार होता ना सुट्टीला?"

"फेरमोजणी नाय झाली तर येणार. तो पण टेबलावर बसणार ना!"

मी गोडच बोलले. गोडच बोलते मी. "संकल्पाला गोत्र काय लावलंत?"

"ते कुणाला ठाऊक? काश्यप लावलं."

झालं! म्हणजे सख्ख्या गोत्रातच लढत!

इतक्यात हेतलबेननी झाकण उचललं आणि पाण्यात बोट बुडवून बघितलं. त्यांची देवसेवा बाळकृष्णाची, अगदी तान्ह्या बाळासारखी असते. ठाकुरजींना थंडी वाजू नये म्हणून दर तासाला कोमट पाणी! मी जिना उतरले ती घाम पुसतच. आमचा गणपती गारढोण पाण्यात आणि त्यांचे ठाकुरजी कोमट पाण्यात! मग देव झुकतं माप कुणाला देणार?

मतमोजणीच्या दिवशी यांनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. इकडे सकाळ, तिकडे आदली संध्याकाळ. लार्सनबाई पुढे! मी निरांजन लावलं. हॉफमन पुढे! वरून हेतलबेनची घंटा ऐकू आली. लार्सनबाई पुढे! मी अथर्वशीर्ष सुरू केलं. वरून हनुमान चालिसा! मी जरा वेग वाढवला, तर त्यांनीही वाढवला. "अगं, देवाला एक तरी शब्द कळू देत!" हे ओरडले.

दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. लार्सनबाई पुढे होत्या, पण एवढ्याशा फरकाने की त्याहून जास्त माणसं आमच्या नेरूळच्या भाजीबाजारात एका वेळी मेथी निवडत असतील. हॉफमनसाहेबांचे लोक फेरमोजणी मागणार म्हणे.

अमिताचा फोन आला. आवाज बसलेला. "आई, तिकीट बहुतेक रद्द करावं लागेल गं. एक-दोन दिवसांत कळेल."

"बरं," मी म्हटलं. कैऱ्या आणून ठेवल्या होत्या, त्या टोपलीतून माझ्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी दूर्वा घ्यायला खाली गेले. गेटापाशी गिरजाबाईंची फुलांची पाटी असते. गिरजाबाई नेरूळ गावातल्या, इथल्या मूळच्या. एकेका निवडणुकीत त्यांच्या घरातले दोन-दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिलेले. तिथेच हेतलबेन तुळस घेत होत्या. डोळे लाल.

"प्रणय नाय येत," त्या म्हणाल्या.

"अमितापण नाही."

गिरजाबाईंनी दोघींकडे बघितलं आणि गजरा तिथेच टाकला. "काय गो, दोगींनी देव पान्यात ठेवलाय?"

आम्ही माना डोलावल्या आणि निवडणुकीची सगळी कहाणी सांगितली.

"येकीनं तिकरं खेचलाय, येकीनं हिकरं! वर देव येकच हाय ना? तो बिचारा मधीच लटाकलाय! म्हनून तर बरोबरी झाली!" त्यांनी कपाळावर हात मारला. "मानसांनी मतं दिली ना? मंग मानसांनाच मोजू द्या की! काढा दोगी, आत्ताच्या आत्ता!"

हे पटलं. इतकं पटलं की आम्ही दोघींनी एकदमच विचारलं, "पण आधी कोण काढणार?"

कारण देव आहेत, श्रद्धा आहे, मैत्री आहे. पण समजा मी काढला आणि वरून नाही काढला तर? शेवटी गिरजाबाईच निवडणूक अधिकारी झाल्या! मी तिसऱ्या मजल्यावर, हेतलबेन चौथ्यावर, दोन्ही घरांची दारं सताड उघडी, आणि मधल्या जिन्यात कमरेवर हात ठेवून गिरजाबाई.

"तयार? एक! दोन! तीन!"

मी ताटली उचलली.

तपेल्यात पाणी होतं. फक्त पाणी.

मी हात घातला. कोपरापर्यंत फिरवला. देव नाही! आणि मग, वाचकहो, आयुष्यात प्रथमच मी किंचाळले. तो आवाज माझ्यातून निघाला यावर माझाही विश्वास बसला नाही! वॉचमन धावला, त्याचा कुत्रा धावला, गिरजाबाई धावल्या, आणि चौथ्या मजल्यावरून नॅपकीनमध्ये गुंडाळलेल्या ठाकुरजींना छातीशी धरून हेतलबेन धावल्या.

त्यांनी रिकामं तपेलं बघितलं. "शर्मिलाबेन! चीटिंग? आधीच काढला तुम्ही?"

"देवाशपथ नाही हो!"

"मग गेला कुठे? पोहत?"

हे फ्रिजला टेकून उभे होते. कान लालभडक. नवऱ्याचे कान लाल झाले की बायकोला पुरावा लागत नाही.

"अहो?"

हे ओट्याखाली वाकले आणि तांदळाचा डबा उघडला. आत, गळ्यापर्यंत तांदळात रुतून, आमचा चांदीचा गणपती बसला होता. छान, कोरडा, प्रसन्न!

"तू संकल्प सोडून दूर्वा आणायला खाली गेलीस ना, तेव्हाच काढला," हे पुटपुटले. "तुझा भात बंद असतो. म्हटलं, या डब्याकडे तू फिरकणार नाहीस. आणि अन्नपूर्णा नाही का बसत तांदळात?"

"पण तुम्ही तर देव मानत नाही!"

"नाही मानत," हे म्हणाले. "म्हणून काय त्याला बुडू द्यायचं?"

हेतलबेन बोटांवर काहीतरी जुळवत होत्या. "म्हणजे... पाण्यात माझे ठाकुरजी एकटेच होते? कोमट पाण्यात? आणि तरी आमचा हॉफमन मागे?"

"म्हंजी लोकांची मतंच खरी, बाय," गिरजाबाई म्हणाल्या आणि खाली पाटीकडे निघून गेल्या. धंद्याची वेळ होती.

हेतलबेननी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आधी कोण हसलं ते आठवत नाही. ठाकुरजी नॅपकीनमधून सुटता सुटता वाचले, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. अमिता! "आई! हॉफमननी हार मान्य केली! म्हणाले, फेरमोजणी नको, लोकांनी काय ते सांगितलंय!" मग एकदम थांबली. "आई, एवढंसं अंतर होतं गं. म्हणजे माझं मत खरंच मोजलं गेलं. कळतंय का तुला? माझं!"

"कळतंय," मी म्हटलं. "तिकीट?"

"आहे ना! येतेय मी!"

वरूनही आरडाओरडा ऐकू आला. प्रणय येत होता. हरला होता, पण येत होता! "दहा वर्षांची मुदत असते म्हणे," हेतलबेन जिन्यातून ओरडल्या. "दहा वर्षांनी बघू तुमच्या लार्सनबाईंना!" आणि मागोमाग ढोकळा आला.

हळदीकुंकू झकास झालं. अमिता आणि प्रणय पन्ह्याचे पेले हातात घेऊन हॉलच्या मधोमध त्या सात खुर्च्यांवरून कडाकडा भांडत होते. बायका मधून वाट काढत हळदीकुंकू लावत होत्या. मी कुणालाच थांबवलं नाही. इतका गोड गोंगाट घरात कधी झाला होता?

सगळे गेल्यावर मी भाताचा कुकर लावला. यांच्या पानात पहिली मूद वाढताना सहज मनात आलं आणि विचारलं, "अहो, हे यंदाच केलंत ना?"

हे वरणात तूप शोधू लागले.

"अहो! सूरजच्या दहावीला?"

"तेव्हाही तांदळातच," हे म्हणाले. "निकाल लागला की तुझ्या आधी परत पाण्यात ठेवायचो. या वेळी त्या गिरजाबाईंनी वेळच दिला नाही."

"कंपनीच्या वेळी?"

"हो."

"आणि लिफ्टच्या?"

"लिफ्टच्या वेळी तर मी त्याला खाली एक मऊ कापडही घातलं होतं."

अमिता हसून हसून ताटावरून उठली. मी मात्र शांतपणे मूद फोडली. आता मंडळात कुणी लेकराच्या परीक्षेसाठी माझ्याकडे सल्ला मागायला आली, की मी तिला जरा बाजूला घेते आणि हळूच, नेहमीच्या माझ्या आवाजात सांगते: बाई गं, लेकराला अभ्यासाला बसव. आणि देव पाण्यात नको ठेवूस. तांदळात ठेव. माझा चांगला अनुभव आहे!