मास्तरांची ब्रेकनळी

गॅरेजवाला म्हणाला, "गाडीच्या ब्रेकची नळी गंजलीय. नवी करणारा कारागीर सुट्टीवर आहे, आठवडा लागेल." आणि टेलर मास्तर बोलून गेले, "त्यात काय! हत्यार द्या, मीच करतो."

(एवढं वाक्य गिळलं असतं तर बरं झालं असतं. पण आता या वयात मास्तर फक्त गोळ्याच गिळत.)

लेकीला दुपारी निघायलाच हवं होतं. उद्या दवाखान्यात ड्यूटी, सोबत तान्ही नात आणि रस्ता सगळा उताराचा. भर उतारावर ब्रेक गेला तर... मास्तरांनी पुढचा विचार केला नाही. शिलाईला कापड सोडावं तशी चार बोटं जास्त ठेवून त्यांनी घरच्या अंगणात नवी नळी कापली.

नळी पकडीत आवळायची, स्क्रू फिरवत तिचं तोंड आधी आत दुमडायचं, मग फुलवायचं. मास्तर खूश झाले. ही तर पँटची पट्टी! श्वास रोखून त्यांनी स्क्रू फिरवला. तोंड असं गोल आलं, की त्यांनी ते उजेडात धरून दोनदा पाहिलं.

सुटे नट बायकोनं बटणांच्या डबीत ठेवले होते. तिनं ती हलवली. "अहो, यातले हे दोन नट कुठं लावायचे?"

मास्तरांचा चेहरा उतरला. नट आधी ओवायचे असतात. फुललेल्या तोंडावरून ते जात नाहीत.

"काज केल्याशिवाय बटण लावलंत कधी?" बायको म्हणाली.

तोंड कापलं. दोन बोटं गेली. दुसऱ्या वेळी नट ओवला, पण उलटा. पुन्हा दोन बोटं!

"बाबा, राहू दे. मी हळू जाईन," लेक म्हणाली.

"ब्रेक नसेल तर हळू कशी जाशील गं?" म्हातारा पहिल्यांदाच ओरडला. मग हळूच म्हणाला, "जरा थांब बाळा."

या वेळी बायको नट हातात देत गेली आणि मास्तर तोंड फुलवत गेले. नळी गाडीला जेमतेम पुरली. बायको गाडीत बसली, मास्तर चाक काढलेल्या जागेपाशी आडवे झाले.

"ब्रेक दाब! धरून ठेव! आता सोड!"

"चाळीस वर्षं तेच करतेय," आतून आवाज आला.

ब्रेकच्या तेलातली हवा निघाली. जोडाखाली धरलेला कागद कोरडा राहिला. मास्तरांनी तो उलटून पाहिला, वास घेतला, पुन्हा धरला. कोरडाच. ते उठले, चाक चढवलं, हात पुसले आणि जॅक उतरवायला वाकले.

खुळखुळ.

"अहो," गाडीतून उतरलेली बायको डबी हलवत विचारत होती, "हे चार मोठे कुठं लावायचे?"

चाकाचे नट! मास्तरांनी जॅक सोडून पाना उचलला. मग चारही आवळले, दोन-दोनदा.

लेकीनं अंगणातच चार वेळा गाडी पळवून थांबवली. ब्रेक पक्का. मग नातीला मागे बाळाच्या खुर्चीत बांधून ती निघाली. फाटकापाशी गाडी पुन्हा थांबली, जागच्या जागी. मास्तरांचे डोळे भरून आले. "बघितलंस? लेक बापाचे आभार मानायला थांबली."

लेकीनं काचेतून डोकं बाहेर काढलं.

"आई, ती डबी एकदा हलव बघू!"