शिंगाला अडकलेला गाउन

"भावोजी, ती शिंगं काढा आता. बैलाला शोभतात, सायकलला नाही," असं मेहुणा जिना उतरता उतरता म्हणाला आणि उत्तर यायच्या आत खाली पोचलासुद्धा.

मेहुणा याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा. सायकलच्या दुकानात विक्रेता होता आणि डोंगरात चालवायच्या सायकलींबाबत आपला शब्द शेवटचा, असं त्याला स्वतःला वाटायचं. त्याचं म्हणणं, पूर्वी हँडलं अरुंद असायची, तेव्हा टोकांना ही शिंगं, म्हणजे पुढे आलेले आखूड दांडे, लावण्यात अर्थ होता. आता हँडलंच एवढी रुंद झालीत की वर शिंगं लावली तर झाडीत फांद्या अडकतात आणि माणूस तोंडावर आपटतो. भावोजींचं म्हणणं, चढावर हात बदलायला जागा मिळते, मनगटं दुखत नाहीत. भावोजी पाणीपुरवठा कार्यालयात ड्राफ्ट्समन होते. डोंगरात वर्षातून दोनदा जायचे. बाकीचे दिवस ती शिंगं घेऊन ऑफिसला जायचे.

"अडकतात म्हणे! चार वर्षांत काय अडकलंय?" असं स्वतःशीच पुटपुटत ड्राफ्ट्समनने मागच्या बोळातून सायकल काढली. या बोळात इमारतीचे कपडे वाळत असतात. तो टांग टाकून फाटकातून सुसाट बाहेर पडला. पुलाचा चढ आला तसे त्याने दोन्ही हात शिंगांवर नेले आणि उठून पायडल मारू लागला. लोक बघत होते. बसथांब्यावरची अख्खी रांग वळून बघत होती. एका बाईने तर तोंडाला रुमाल लावला. ड्राफ्ट्समनने पाठ आणखी ताठ केली. बघा म्हणावं, शिंगं कशी वापरतात!

पुलाच्या माथ्यावर दम घ्यायला तो थांबला, तेव्हा त्याला उजव्या शिंगावर दोन वेढे बसलेला कापडी बंद दिसला. बंदाच्या मागे जांभळा रेशमी गाउन होता. त्याचा घेर सायकलच्या साखळीत गेला होता.

गाउन कुणाचा हे इमारतीत कुणीही सांगितलं असतं. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा. बाई सत्तरीच्या, आवाज मात्र अजून शाळेचं मैदान शांत करेल असा.

परत फिरायला चार मिनिटं लागली असती. ड्राफ्ट्समन फिरला नाही. ऑफिसला उशीर होईल म्हणून नाही. मेहुणा वाटेत भेटेल, गाउन बघेल आणि जन्मभर हसेल म्हणून. कारण एवढंच. याहून मोठं काही असतं तर सांगितलं असतं.

ऑफिसात त्याने बेसिनमध्ये गाउन धुवायला घेतला. साखळीच्या दातांचे काळे ठसे रांगेने उमटले होते. साबण लावल्यावर ते ठसे एकमेकांत मिसळले आणि त्यांचा एकच मोठा डाग झाला. तेवढ्यात साहेब आत आले.

"हे काय?"

"गाउन, सर. बायकोचा."

"बायकोचा गाउन तुम्ही ऑफिसात धुता?"

"घरी वेळ नसतो, सर."

साहेब हात न धुताच बाहेर गेले. दुपारपर्यंत ऑफिसातल्या सगळ्या बायका त्याच्याकडे कौतुकाने आणि सगळे पुरुष रागाने बघायला लागले.

संध्याकाळी ओला गाउन डब्याच्या पिशवीत कोंबून तो घरी आला. बोळात कुणी नसताना दोरीवर टाकायचा आणि सटकायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण बोळात सोसायटीचे सेक्रेटरी फेऱ्या मारत होते.

"बरं झालं आलात! चोरी झालीय. बाईंचा गाउन. साडेसहाला माझ्याकडे सगळ्यांना बोलावलंय. वॉचमनला काढून टाकायचं. तुम्ही नकाशे काढता ना? या जागेचा एक काढून द्या. सगळं कसं पद्धतशीर पाहिजे."

"वॉचमनकाकांना? त्यांनी कशाला गाउन..."

"मग कुणी? तुम्ही?" सेक्रेटरी हसले. ड्राफ्ट्समनही हसला. त्या हसण्याची लाज त्याला पुढे बरेच दिवस पुरली.

त्याने नकाशा काढला. हातात टेप आला की या माणसाला दुसरं काही सुचत नाही. दोरी जमिनीपासून किती, भिंतीपासून किती, फाटक कुठे, वॉचमनची खुर्ची कुठे, सगळं मोजून, प्रमाणात, सुबक अक्षरात मांडलं. नकाशात सायकल तेवढी नव्हती.

घरी बायकोने डबा धुवायला पिशवी उलटी केली.

"हा गाउन कुणाचा?"

"बाईंचा."

"आणि तो तुमच्या डब्याबरोबर काय करतोय?"

त्याने सांगितलं. ती खुर्चीत बसून पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली. "आणि तो म्हातारा वॉचमन घरी बसणार? तुमच्या शिंगांपायी?"

"मी सांगणारच आहे."

"कधी? त्याचं सामान बांधून झाल्यावर?"

सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात सगळे जमले होते. मेहुणा सोफ्याच्या हातावर टेकला होता. वॉचमनला आत बोलावलं नव्हतं, कारण विषय त्याचा होता. सेक्रेटरींनी नकाशा भिंतीला लावला आणि पट्टी घेऊन उभे राहिले.

"बघा. खुर्चीपासून दोरी बावीस फूट. म्हणजे अकरा पावलं. मध्ये काही आड नाही. अकरा पावलं गेलं की गाउन हातात! ड्राफ्ट्समनसाहेबांच्या नकाशाने सिद्धच झालं."

"नकाशा फारच स्वच्छ आहे हो," बाई म्हणाल्या.

आता मात्र ड्राफ्ट्समन उभा राहिला. पिशवीतून गाउन काढून त्याने टेबलावर ठेवला. "मी नेला. सायकलच्या शिंगाला अडकून गेला. मला पुलावर कळलं. तुझं खरं होतं," हे शेवटचं मेहुण्याकडे बघत. ते म्हणायला त्याला गाउनपेक्षा जास्त त्रास झाला.

मग सेक्रेटरींनी जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वॉचमनने गाठलं ना तुम्हाला? कळलं मला. त्याच्या खोलीत सापडला ना हा?"

"नाही हो! खरंच माझ्या सायकलला..."

"असली मुलं असायची माझ्या वर्गात," बाई गहिवरून म्हणाल्या. "दुसऱ्याची छडी आपल्या हातावर घेणारी. मी दोघांनाही मारायची."

"तुम्हाला करून दाखवतो! खाली चला!" ड्राफ्ट्समन ओरडला.

सगळी मंडळी बोळात उतरली. दोरीवर बाईंची चादर आणि सेक्रेटरींचा बनियन होता. ड्राफ्ट्समन सायकल घेऊन चादरीखालून गेला. काही अडकलं नाही. वळून बनियनखालून आला. बनियन शिंगाला हळूच शिवला आणि परत लोंबत राहिला. तिसऱ्या खेपेला त्याने सायकल तिरकी धरली, चौथ्या खेपेला उड्या मारत नेली. पाचव्या खेपेला वर बसून जोरात आला, तेव्हा दोरी त्याच्याच गळ्याला लागली आणि तो पाण्याच्या बादलीत पडला. शिंगं मोकळीच होती.

"बघा! अडकवायच्यासुद्धा कामाची नाहीत," मेहुणा म्हणाला. "मी कधीपासून सांगतोय, काढून टाका." सकाळपर्यंत हाच माणूस ती अडकतात म्हणून काढायला सांगत होता. आता कशानेच त्याला फरक पडत नव्हता.

सेक्रेटरींनी तिथेच निकाल दिला. एका सज्जन माणसाने स्वतःची बेअब्रू करून घेतली, केवळ त्याच्या शब्दाखातर वॉचमनला ठेवण्यात येत आहे. मात्र वॉचमनने उद्या सकाळपर्यंत माफीनामा लिहून द्यावा. टाळ्या वाजल्या. बाईंनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

लोक वर गेल्यावर ड्राफ्ट्समन ओल्या पँटनिशीच फाटकाशी गेला. वॉचमन खुर्चीत बसून कोऱ्या कागदाकडे बघत होता.

"साहेब, तुमचं अक्षर चांगलंय. तेवढं लिहून देता? मला सही तेवढी येते."

ड्राफ्ट्समनने खालमानेने कागद घेतला. नकाशावर लिहितो त्याच सुबक अक्षरात लिहिलं, 'आज सकाळी बाईंचा जांभळा गाउन सायकलच्या शिंगाला अडकून माझ्याबरोबर गेला. वेळीच परत करायला हवा होता. मी केला नाही. याची मला लाज वाटते.' मग त्याने ते वाचून दाखवलं.

"शिंगांचं खोडा," वॉचमन म्हणाला.

"का?"

"सकाळी मी सेक्रेटरीसाहेबांना तेच सांगितलं. साहेबांच्या सायकलला अडकून गेलाय, संध्याकाळी आणतील म्हणून. तिथूनच बिघडलं. म्हणाले, चोरी करतोस ती करतोस, वर सज्जन माणसाचं नाव घेतोस?"

"तुम्ही पाहिलं होतं?"

"फाटक मीच उघडलं की. दोनदा हाका मारल्या. तुम्ही जोरात होता."

ड्राफ्ट्समनने शिंगं खोडली. उरलेलं सगळं खरंच होतं, म्हणून त्याने खाली स्वतःची लफ्फेदार सही ठोकली आणि उठला. "काका, हा कागद घेऊन मी आत्ता वर जातो. पुन्हा सांगतो सगळ्यांना."

वॉचमनने त्याची बाही धरली. "नको, साहेब. तुम्ही एकदा खरं सांगितलंत, तर मला माफीनामा लागला. परत सांगितलंत तर नोकरी जाईल." मग त्याने सहीकडे बघून मान हलवली. "आणि ही तर चालायचीच नाही. उद्या म्हणतील, खोट्या सह्याही करायला लागला. दुसरा कागद आहे का?"

ड्राफ्ट्समनने दुसरा कागद काढला आणि तेच सगळं पुन्हा लिहिलं, शिंगं वगळून, खाली सहीपुरती जागा सोडून.