ट्रक मोजणारे निमकर

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी माणूस दाढी करतो, लोळतो. आमच्या खात्यातले निमकर मात्र चिंचवडला एका दुसऱ्याच कंपनीच्या फाटकासमोर उभे राहून बाहेर पडणारे मालाचे ट्रक मोजत. रखवालदाराने त्यांना हेर समजून हटकलं, तर निमकरांनी उलट त्याच्याच बिल्ल्यावर संशय घेतला.

संशय हा त्यांचा धंदाच होता. इन्स्पेक्शनला ते सुटे भाग मोजत. एखादा भाग बिनचूक निघाला, तरी "का म्हणून?" असं पुटपुटत पुन्हा मोजत.

त्या वर्षी आमच्या पिंपरीच्या कॉलनीत शेअरचं वारं शिरलं. चिंचवडच्या त्या कंपनीचा भाव रोज चढत होता. कॅन्टीनमध्ये जो तो पेपरातलं भावांचं पान आधी उघडायचा.

"ट्रक गेल्या वर्षीइतकेच सुटतात, राव," निमकर म्हणाले. "मशिनं तीच, माणसं तीच. मग भाव दुप्पट का म्हणून? फुगा आहे हा!"

"भाव उद्याच्या आशेवर ठरतो," मी ऐकीव ज्ञान पाजळलं.

"आशा सोमवारी वाढते अन् मंगळवारी आणखी वाढते? तुम्ही कंपनी बघून घेताय, की शेजारी घेतोय म्हणून?"

शेजारी घेत होता म्हणूनच मी घेतले. दिघीच्या प्लॉटसाठी बायकोने साठवलेल्या पैशांतून, तिला न विचारता.

दिवाळीनंतर भाव कोसळला. मी धावत निमकरांकडे गेलो. ते नुकतेच फाटकावरून परतले होते.

"ट्रक अजूनही तेवढेच आहेत," ते गोंधळून म्हणाले. "मग इतका खाली तरी का म्हणून?"

पडत्या भावावरही त्यांचा विश्वास नव्हता!

घरी कळल्यावर बायकोने माझ्याशी बोलणंच टाकलं. चौथ्या दिवशी निमकर आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, यांना बोल लावू नका. हे नकोच म्हणत होते. मीच भरीला घातलं."

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी डोळ्यांनी मला गप्प केलं. बायकोने त्यांना नाही नाही ते सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि चहा न घेता गेले.

निमकरांना घरचं असं कुणी नव्हतं. आठवड्यातून एकदा ते आमच्याकडे जेवत. ते जेवण तिने बंद केलं.

पुढे कारखान्यात भेटले की ते हळूच विचारत, "वहिनी बोलतात ना आता?"

मी हो म्हणायचो. जेवणाचं त्यांनी कधी विचारलं नाही. आणि बायकोला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही.