कळपात सोडलेली पिल्लं

प्रांजलने दुसऱ्या वाटीत डोकावून तिसऱ्यांदा मोजलं. वाटी रिकामी होती, त्यामुळे मोजायला फार वेळ लागला नाही.

कालपर्यंत तिच्यात झेब्रामाशाची चाळीस पिल्लं होती, पाच दिवसांची, पापणीच्या केसाएवढी. औषध घालून प्रांजलने त्यांना कंपवात जडवला होता. शेजारच्या वाटीत चाळीस धडधाकट. कोण किती पोहतं ते कॅमेऱ्याने टिपायचं, एवढंच काम. पण आधीच्या दोन खेपा इस्लामपूरच्या विजेने आणि बोअरच्या पाण्याने खाल्ल्या होत्या. सोमवारी समिती येणार होती आणि पीएच.डी.ची मुदतवाढ संपत आली होती.

"मामा, यातली पिल्लं कुठायत?"

प्रयोगशाळेचे शिपाई नानासो फरशी पुसत होते. मूळचे जतचे, अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं.

"हितली व्हय? त्या चांगल्यांच्यात सोडली सकाळी. लय सुस्तावल्याली. आवं, सुस्त मेंढरू एकलं ठिवलं की बसतंय. कळपात घातलं की बाकीच्यांच्या नादानं चालतंय."

प्रांजल स्टुलावर बसली. रडावं असं तिला फार वाटलं, पण रडायलाही अंगात जोर लागतो.

"मामा, ती आजारीच हवी होती. मीच पाडलंय त्यांना आजारी."

"तुमी? मुद्दाम?" नानासोंच्या हातातलं फडकं थांबलं. "मग बरी कोन करनार?"

"तेही मीच. पुढच्या वर्षी."

नानासोंनी फडकं बादलीत टाकलं. मग म्हणाले, "निवडून देतो की."

"ऐंशी आहेत. सगळी सारखी दिसतात."

"मेंढरंबी सारखीच दिसत्यात, ज्याची न्हाईत त्याला."

ड्रॉपर घेऊन ते खिडकीशी बसले. प्रांजलने त्यांनी निवडलेली पहिली दहा, पाच आजारी आणि पाच चांगली, कॅमेऱ्याखाली ठेवली. आजारी पाच जागची हलेनात, चांगली पाच सुसाट. कॅमेरा नानासोंच्या बाजूने होता. क्षणभर तिला आनंद झाला. पण प्रबंधात 'नानासोंनी ओळखली' असं लिहिता येत नाही. तिने मुकाट्याने मार्गदर्शक सरांना फोन लावला.

सरांनी सगळं ऐकून उसासा टाकला. "पुन्हा पहिल्यापासून कर. समितीकडून महिनाभर मागून घेतो मी."

म्हणजे पुन्हा अंडी, पुन्हा पाणी, पुन्हा औषध. तिने फोन ठेवला. तोवर नानासोंचं काम उरकत आलं होतं.

"चाळीस आजारी. एकूनचाळीस चांगली."

"आणि ड्रॉपरमधलं?"

नानासोंनी ड्रॉपर उजेडात धरला. "ह्ये आजारी न्हाई, ताई. नुसतं दमलंय." त्यांनी एकवार तिच्याकडे पाहिलं. "तुमच्यागत."

प्रांजलने ते पिल्लू तिसऱ्या वाटीत सोडलं, वाटीवर 'रजेवर' अशी चिठ्ठी चिकटवली आणि दुपारच्या गाडीने साताऱ्याला, घरी निघून गेली.