थाऱ्याचं जेवण

आमच्या घरी कोणी आलं की त्याला पाण्याआधी प्रश्न मिळतो. "जीव कसा हाय?" हा प्रश्न माझे सासरे विचारतात, आणि तो वरवरचा नसतो. पाहुणा सवयीने "बरा आहे" म्हणाला तर त्यांचा विश्वास बसत नाही. ते त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात, आणि मग आत वळून जाहीर करतात की याच्या जिवाला थारा नाही. एकदा हे ठरलं की सुटका नाही. गॅसचं सिलिंडर पोचवायला आलेला माणूस नुसता गुडघा दुखतो म्हणाला, तर त्याला ओसरीत बसवून ज्वारीच्या कण्या खाऊ घातल्या. कण्यांत ओवा, आलं आणि चिंच. तेव्हापासून तो आमच्या दाराशी येत नाही. कोपऱ्यावर गाडी उभी करून हॉर्न वाजवतो आणि विलासला बोलावून घेतो.

विलास माझा नवरा. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई, इकडे तशीच पद्धत आहे. मालेगावच्या बाहेर वाशीम रोडला लागून आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. वांगी, पालक, मेथी आणि सांभार. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो. भाजी बाजारात न्यायचं काम विलासचं. नणंद रूपा शिकून घरी बसली होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. मी सकाळच्या बसने किन्हीराजाला शाळेत शिकवायला जाते, ती संध्याकाळी परत येते.

मामाजी स्वयंपाकघरातले असे कधीच नव्हते. पाण्याचा माठ कुठे असतो असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी आत्याबाईंकडे बोट दाखवलं असतं. आणि आत्याबाईंचा हात म्हणजे आसपासच्या गावांत नाव असलेला. बेसनाच्या वड्या घातलेला झणझणीत पाटवडीचा रस्सा करावा तर त्यांनीच. गावात लग्न असलं की आचारी बाहेरून आणत, पण रश्श्यात मीठ टाकायला आत्याबाईंना बोलावणं येई. त्या पातेल्याजवळ जात, वाफ नाकाशी घेत आणि मुठीने मीठ सोडत. चाखून बघायचं कामच नसे. आचारी तोंड वाकडं करून बाजूला उभा राही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात ताप फिरून गेला. एकामागून एक सगळेच पडलो, सगळेच उठलो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी जेवायला बसलो तर वांग्याच्या भाजीत मिठाचा कण नव्हता. विलासने घास तोंडात धरला आणि आईकडे बघितलं. रूपाने बघितलं, मीही बघितलं. आत्याबाईंचा हात परातीवरच थांबला. तेवढ्यात मामाजी भाकरी मोडत म्हणाले, "भाजी म्या केली."

आम्हाला वाटलं ताप डोक्यात गेला. पण दुसऱ्या दिवशी ते खरंच ओट्यापाशी उभे होते, खांद्यावर दुपट्टा, हातात सराटा, म्हणजे उलथनं. हा सराटा पुढे त्यांच्या हातातून सुटला नाही. भाजीवाल्याशी बोलताना, सोयाबीनचा भाव विचारताना, एकदा तर तेराव्याला गेले तेव्हाही तो त्यांच्या खिशातून डोकावत होता.

गुरू त्यांनी मोबाइलमध्ये शोधला. कुठलीशी गोड आवाजाची बाई रोज एक पदार्थ दाखवायची आणि म्हणायची की मन थकलं की घरचं, आईच्या हातचं असं काही खावं, म्हणजे आतून बरं वाटतं. मामाजींनी त्याचं वऱ्हाडीत भाषांतर केलं: थाऱ्याचं जेवण. जिवाला थारा देणारं. ती बाई शेवटी नेहमी सांगे की यात चिमूटभर प्रेम घाला. पहिल्या दिवशी त्यांनी मला गंभीरपणे विचारलं की हे किराण्यात भेटते, का मेडिकलमध्ये.

मग घराची प्रयोगशाळा झाली. वांग्याला भाव नसला की वांगी प्रत्येक पदार्थात शिरत. वांग्याची खीर आम्ही खाल्ली आहे. पालकाचा शिरा खाल्ला आहे. त्याचं ताट समोर आलं तेव्हा विलासला वाटलं होतं की बैलांच्या शिंगांचा रंग कोणीतरी चुकून घरात आणला. गोळाभातातले बेसनाचे गोळे एकदा इतके घट्ट झाले की रूपाने त्यातला एक अंगणात टाकला, तो कुत्र्याने हुंगला आणि जपून ओलांडला. खाणाऱ्याने नुसतं छान म्हटलेलं मामाजींना चालत नसे. थारा नेमका कुठे भेटला, छातीत का पोटात, हे सांगावं लागे. विलास कंटाळून एकदा म्हणाला, पायात. तर मामाजींनी त्याला जास्तीचं वाढलं, कारण बाजारात उभं राहून त्याचे पाय थकतात.

निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार मत मागायला आला. त्याला जीव कसा आहे हे मत मागताना पहिल्यांदाच कोणी विचारलं असावं. तो जनतेच्या सेवेबद्दल बोलू लागला. मामाजींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या हातात पालकाच्या शिऱ्याची वाटी दिली. बरोबरच्या पोरांनी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो साऱ्या मोबाइलवर फिरला, खाली लिहिलेलं, गरिबाच्या घरचा घास. चेहरा मात्र असा होता की लोकांना वाटलं, गरिबी फार वाईट असते. निवडून आल्यावर तो आमच्या गल्लीत फिरकला नाही. त्यावर मामाजींचं म्हणणं एवढंच की त्याच्या जिवाले थारा भेटला, आता कायले येते.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. थाऱ्याचं जेवण मऊ असावं, सौम्य असावं, असं ती मोबाइलवाली बाई सांगायची. आमच्याकडे ते दिवसेंदिवस जहाल होत गेलं. कण्यांत चिंच, वरणात ओवा, कढीत मोहरी वाटून. तिखट इतकं की सांत्वन करून घेता घेता माणूस रडायला लागे. आणि प्रत्येक पदार्थाचा पहिला चमचा आत्याबाईंना. त्यांना ते ओट्याजवळ खुर्ची टाकून बसवत, चमचा हातात देत आणि परीक्षेचा निकाल लागावा तसे समोर उभे राहत. आत्याबाई चघळत आणि म्हणत, बरं हाय. मामाजींचा चेहरा पडे. आम्ही आपसात हसायचो की मास्तरीण फारच कडक आहे, पास करत नाही.

त्यात रूपाचं जमलं. वाशीमचं स्थळ, मुलगा चांगला, मुलीला पसंत. बोलणी पक्की करायला ते लोक रविवारी जेवायला येणार होते. बरोबर मुलाची आत्या येणार होती आणि त्या घरात शब्द तिचाच चालतो असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तिने निरोप धाडला की बाकी काही करू नका, तुमच्या हातच्या पाटवडीचं नाव फार ऐकलं, तेवढी मात्र खाऊ घाला.

रूपाला रडूच फुटलं. आई करेल ठीक, पण बाबा मध्ये पडले तर पाहुण्यांच्या ताटात वांग्याची खीर येईल आणि हे लोक उठून जातील. विलासनेही हात वर केले. बाबांना स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं काम माझ्यावर आलं, कारण शाळेतली पोरं मी गप्प बसवते, असा त्यांचा हिशोब.

शनिवारी शाळा लवकर सुटली. दुपारी घरी आले तर ओट्यावर उद्याच्या रश्श्याच्या तालमीचं पातेलं होतं आणि आत्याबाई त्याच्यासमोर उभ्या होत्या. मिठाची मूठ भरलेली, पण हात पुढे जात नव्हता. मामाजी खाली पाटावर बसले होते, वाटीत थोडा रस्सा घेऊन. मला वाटलं दोघांचं भांडण झालं. मी पाठ करून आणलेलं सगळं बोलायला सुरुवात केली, की उद्याचा एक दिवस मामाजींनी बाहेर बसावं, रूपाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आत्याबाईंनी मूठ मिठाच्या बरणीत रिकामी केली.

"त्याहीले बोलू नको बाई," त्या म्हणाल्या. "मलेच काही लागत नाही. ताप आला तवापासून. मीठ नाही, तिखट नाही, वास नाही. माती खाल्ली काय अन् गूळ खाल्ला काय."

मी तिथेच बसले. मग हळूहळू सगळं कळलं. त्या बिनमिठाच्या वांग्याच्या भाजीच्या दिवशी आत्याबाईंना स्वतःलाही भाजी कशी झाली हे कळलं नव्हतं. आमच्या तोंडांकडे बघून कळलं, आणि मामाजींना त्यांच्या तोंडाकडे बघून. पुढे दोघं भाचीकडे जातो सांगून वाशीमच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. रोज वेगवेगळे वास द्या, वेगवेगळ्या चवी द्या, काहीतरी पकडेल. म्हणून चिंच, म्हणून ओवा, म्हणून वाटलेली मोहरी. आम्ही सगळे जे खात होतो ते आमच्यासाठी कधी नव्हतंच.

मी म्हटलं, पण आम्हाला सांगायचं ना. घरातच लपवायचं कशाला? मामाजींनी वाटी खाली ठेवली.

"तुमी कोणाले सांगणार नाही, हे मले माहीत हाय," ते म्हणाले. "पण एकदा घरात समजलं की सारे हिच्याकडं कीव करून पाहतीन. मंग गाव म्हणन, हिचा हात गेला. हिचं नाव हाय, सुनबाई. माह्या हाताले कधी नावच नव्हतं, ते काय बुडन?"

ज्या गोष्टी सांगायला गेले होते त्यातली एकही मग मला आठवेना. मी चमचा घेतला आणि रस्सा चाखला. मीठ नव्हतं. मी सांगत गेले, आत्याबाई सोडत गेल्या.

रविवारी तसंच ठरवलं. वाटण, फोडणी, वड्या सगळं आत्याबाईंचं, कारण हात काही विसरला नव्हता. चाखायला मी. मामाजींनी स्वयंपाकघरात यायचं नाही, पाहुण्यांजवळ बसायचं. रूपाला एवढंच सांगितलं की बाबांनी ऐकलं, आणि तिने मला मिठी मारली.

पाहुणे आले. मुलाची आत्या उंच, गप्प, आणि ताटाकडे असं बघणारी की ताटाने उभं राहावं. रश्श्याची वाटी तिच्यापुढे आली आणि मामाजींना धीर निघाला नाही. मी चाखलंय यावर त्यांचा विश्वास नसावा. घास तिच्या तोंडात जायच्या आधीच ते पुढे सरकून म्हणाले, "काही कमीजास्त असन तर माफ करा. रस्सा म्या केला."

रूपाने दाराआड कपाळाला हात लावला. विलास जमिनीकडे बघू लागला. बाईंनी घास खाल्ला, दुसरा खाल्ला, वाटी पुन्हा भरून घेतली. आणि मग बोलायला लागल्या तर थांबेनात. पुरुषाच्या हाताला अशी चव त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आपल्या नवऱ्याकडे वळून त्यांनी त्याला चार शब्द सुनावले, की तुम्हाला साधा चहा जमत नाही. मुलगा हसला. व्याही होऊ घातलेले गृहस्थ म्हणाले, ज्या घरात बाप असा, तिथली पोर डोळे मिटून न्यावी.

मामाजींची अवस्था बघण्यासारखी झाली. दोष अंगावर घ्यायची त्यांना सवय होती, कौतुक कसं घेतात ते माहीत नव्हतं. ते गडबडून म्हणाले की नाही नाही, खरं तर रूपाच्या मायनं केला, म्या आपला उगाच बोललो. कोणी ऐकेना. बाईंना तर तो विनयच वाटला आणि त्या आणखी खूश झाल्या. शेवटी मामाजींनी केविलवाणं होऊन आत बघितलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून हसत. कितीतरी महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"त्याहीनंच केला," त्या म्हणाल्या. "मले तर आतमंदी येऊ देत नाहीत."

लग्न ठरलं. मामाजींना आता लग्नांतून बोलावणी येतात आणि ते काहीतरी कारण काढून टाळतात. पाहुण्यांना प्रश्न विचारणं आणि खाऊ घालणं मात्र चालूच आहे. विलास आणि रूपा अजून हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते, तसं ठरलंय.

गेल्या आठवड्यात मी घरीच होते. आत्याबाई अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या, घराकडे पाठ करून. आत मामाजींनी कण्या गॅसवर ठेवल्या होत्या आणि मोबाइलमधल्या बाईचं ऐकत ढवळायला विसरले. मला वास आला तशी मी धावले. पातेल्याच्या बुडाशी काळं धरलं होतं.

तेवढ्यात अंगणातून आत्याबाईंचा आवाज आला. "काही करपून राह्यलं काय वं?"

मामाजी जागच्या जागी थांबले. मी गॅस बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे सुनबाई," ते हळू आवाजात म्हणाले. "जळू दे अजून जराक."