बिराजदार सरांची चाकं

लातुरात रस्त्याकडेला ट्रॅक्टर उभा असेल आणि त्याच्या मागच्या चाकापाशी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ उकिडवा बसून टायरच्या फटीत कंपासपेटीतली पट्टी खुपसत असेल, तर घाबरू नका. ते आमचे बिराजदार सर. टायरचे दात किती खोल आहेत ते बघत असतात. ट्रॅक्टरवाला चहा टाकून अंगावर धावून आला, तर सर मान वर न करता विचारतात, "चिखलात कसा चालतो?" झालं, गडी विरघळतो. मग अर्धा तास दोघं चिखलावर बोलतात. मी स्कूटर चालू ठेवून थांबलेला असतो आणि पेट्रोल माझं जळत असतं.

आम्ही दोघं एकाच क्लासमध्ये शिकवतो. मी रसायन, ते भौतिक. भूकंपानंतर लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, पण सरांसारखं भौतिक कुणाला शिकवता येत नाही हे मीसुद्धा मान्य करतो. मी सहसा कुणाचं काही मान्य करत नाही. फक्त पुस्तकात ‘घर्षण नगण्य धरा’ असं आलं की सरांचं डोकं फिरतं. "नगण्य धरायचं न्हाई!" म्हणत ते डस्टर आपटतात. "ज्यानं हे लिहिलं त्याला आखाडात आमच्या अक्काच्या शेताला न्या." मुखेडहून पोराचा प्रवेश घ्यायला आलेल्या बापाला ते आधी मार्क विचारत नाहीत. "तुमच्याकडं माती कशी हाय?" हे विचारतात. बाप बिचारा घाबरून सांगतो, "काळी हाय सर, पण पोरगं हुशार हाय."

अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा सरांना तिनंच वाढवलं. तिचं सासर किल्लारीच्या बाजूला. भूकंपात तिचा नवरा गेला आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. पुढं नव्या गावात घर मिळालं, पण वर स्लॅब होता, आणि अक्का त्याखाली एक रात्र झोपली नाही. शेतात पत्र्याचं शेड टाकून ती एकटी राहायला लागली. पावसाळ्यात सडकेपासून तिच्या शेडपर्यंतची वाट म्हणजे नुसता काळा चिखल. एका आखाडात ती आठ दिवस तापानं पडून होती आणि सरांना ते पोळ्याला कळलं. त्या दिवसापासून त्यांनी धोशा लावला, पावसाळाभर तरी लातूरला चल. शेवटी अक्का वैतागली. "आखाडात माझ्या दारापोतर गाडी आण, तवा येते." तिच्या मते विषय संपला होता.

सरांच्या मते तो सुरू झाला. त्यांनी लिलावातली जुनी जीप घेतली आणि नांदेड रस्त्यावरच्या मुनीरभाईच्या टायरच्या दुकानात ठाण मांडलं. मुनीरभाईचा सल्ला होता, "चौडे टायर डालो सर, बदक के माफिक चलेगी." चौडे टायर घातले. वळताना ते मडगार्डला घासायला लागले, म्हणून स्प्रिंगचे पाटे वाढवून जीप चार इंच उचलली. आखाडात आम्ही निघालो. मला कशाला नेलं असं विचारलं तर म्हणाले, "मागं वजन पायजे." बदक दोनशे पावलं चाललं. मग टायरचे दात मातीनं बुजले, चाकं गुळगुळीत झाली आणि जीप आडवी घसरत जाऊन बांधाशी म्हशीसारखी बसली. अक्कानं लांबून पाहिलं आणि शेजाऱ्याचे बैल पाठवले. बैलांनी आम्हाला उलटं सडकेला आणून सोडलं. बैलवाल्यानं अक्काचा निरोपही सांगितला, "बैलास्नी पेंड घालून जा म्हणाली."

सर हिवाळाभर विचार करत होते. एक दिवस पेपर तपासता तपासता मला म्हणाले, "चुकलं पाठकसर. रुंद चाक मातीच्या वरवर राह्यला बघतं, आन माती त्याला सोडत न्हाई. उंच आन अरुंद पायजे. चिखल कापून खालच्या मुरमाला टेकंल असं. मी तेच हुडकायलोय." मग प्रत्येक रविवारी नांदेडचा भंगारबाजार. तिथं त्यांना लष्करी गाडीचे चार जुने टायर सापडले, माझ्या कमरेपर्यंत येणारे. ते पाहून मुनीरभाईनं कपाळाला हात लावला. "सर, हे टायर जीपला न्हाई बसत. टायरलाच जीप बसवावी लागंल."

बसवली. चाकांच्या डिस्क नव्या केल्या, मडगार्ड कापले, पाटे आणखी वाढवले. जीप इतकी उंच झाली की सरांच्या बायकोनं एकदा वर बघितलं आणि रिक्षाला हात केला. चाक मोठं झाल्यामुळे काटा खरा वेग दाखवेना, तर सरांनी त्याच्यावरच गणित करून पोरांना घरी सोडवायला दिलं.

आणि त्या आखाडात जीप गेली. काचेवर चिखलाचे सपकारे बसत होते, मी दांडा धरून देवाचं नाव घेत होतो, सर मात्र बाहेर वाकून चाक बघत होते. थेट शेडच्या दारात गाडी उभी राहिली. अक्का काठी टेकत बाहेर आली. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. "आणलीस रे बापू," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन गाठोडं घेऊन आली. शब्दाची पक्की बाई.

तिनं जीपचा दांडा धरला. पाय ठेवायची जागा तिच्या छातीशी येत होती. अधू पायावर भार देऊन दुसरा उचलावा, तर तो भार पेलेना. दोनदा प्रयत्न करून ती थांबली. "आन चढू कशी?"

सरांचा चेहरा मला बघवला नाही. दोन वर्षं त्यांनी दात मोजले, चिखल मोजला, जीपचं पोट जमिनीपासून किती ते मोजलं. अक्काचा पाय त्यात कुठंच धरला नव्हता. एरवी मी चिडवायची संधी सोडत नाही, तेव्हा सोडली.

सर खाली उतरले आणि चिखलात हात टेकून ओणवे झाले. "ठेव पाय."

"मास्तराच्या पाठीवर?"

"अक्का, तुझ्या पाठीवर बसून मी शाळेत गेलो. ठेव."

अक्कानं पाय ठेवला आणि वर चढली. बसल्यावर पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "शरट घाण केला बगा यानं."

आता पावसाळाभर अक्का सरांच्या घरामागच्या अंगणात पत्र्याखाली राहते. पोळ्याला तिला शेतावर सोडायचं, असा करार आहे.

परवा सरांनी मला मुनीरभाईकडं नेलं. जीपला पायरी बसवायची होती. "किती उंचीवर?" मुनीरभाईनं विचारलं. संध्याकाळची बॅच सुटली होती, पोरं सायकली घेऊन रेंगाळत आमच्याकडे बघत होती. सर ऑइलनं काळ्या झालेल्या जमिनीवर जीपला खेटून हात टेकून ओणवे झाले.

"एवढी," ते खालूनच म्हणाले. "एवढी तिला जमली."

मुनीरभाई हसला नाही. टेप घेऊन तोही गुडघ्यावर बसला आणि जमिनीपासून सरांच्या पाठीपर्यंतचं माप त्यानं दोनदा घेतलं.