बापूंची करंगळी

बापू निकुंभांचा मोबाइल चालू असतो तेव्हाही बंद दिसतो. काळाकुट्ट स्क्रीन, त्यावर भराभर फिरणारी बोटं, आणि आतून स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी एक बाई इतक्या वेगात बोलत असते, की ती मराठी बोलते आहे हे कळायलाच मला वर्ष लागलं. बापूंना दिसत नाही, त्यामुळे स्क्रीनचा उजेड त्यांनी कायमचा बंद करून टाकलाय. "उगाच बॅटरी कशाला जाळायची?" असं म्हणतात. बाईचा वेग मात्र दर सहा महिन्यांनी वाढवतात. माणसांचं बोलणं त्यांना आता रटाळ वाटतं. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणजे बोलण्याचंच काम केलं, पण माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच बापू उत्तर देऊन मोकळे होतात.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. बत्तीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. अजूनही दार उघडताना "बोला" म्हणतात आणि पाहुण्याचं पाल्हाळ लांबलं की "होल्ड करा" म्हणून चहा टाकायला उठतात.

कॉलनीतल्या आम्हा डोळस म्हाताऱ्यांची ऑनलाइन कामं बापूच करतात. विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, गॅसचा नंबर. मी एकदा हट्टानं स्वतः तिकीट काढलं. पाऊण तास लागला, आणि निघालं ते पुढच्या महिन्याचं.

"मास्तर, तुम्हाला दिसतं ना, तीच अडचण आहे," बापू म्हणाले. "दिसलं की तुम्ही बोट लावता. आधी ऐकून तर घ्यावं."

तेव्हापासून मी मुकाट्यानं फोन त्यांच्या हातात देतो.

तर असे हे बापू गेल्या नोव्हेंबरात अडकले. पेन्शनवाल्यांनी दर वर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. महिनाअखेरपर्यंत नाही दिला तर पेन्शन थांबते. दर वर्षी बापू आणि त्यांच्या पत्नी मंदाताई बँकेत जाऊन कागद भरून यायचे. मंदाताई त्या उन्हाळ्यात गेल्या. बापू म्हणाले, आता घरबसल्या मोबाइलवरच देतो.

त्या ॲपला चेहरा दाखवावा लागतो. मी समोरच बसलो होतो. बापूंनी फोन अगदी सरळ धरला. बाई म्हणाली, डोळ्यांची उघडझाप करा. बापूंच्या पापण्या लहानपणीच्या आजारानंतर कधी उघडल्याच नाहीत. बाईनं पुन्हा सांगितलं. सहा वेळा सांगितलं.

"बाई, डोळे मीच साठ वर्षं शोधतोय," बापू म्हणाले. "सापडले की कळवतो."

हसलो दोघंही, पण दाखला काही झाला नाही. बँकेत गेलो तर तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला, "काका, कागदावर भरा, पण तुम्हाला दिसत नाही ना, त्यामुळे एक साक्षीदार लागेल." मी लगेच खिशातून पेन काढलं. माझी सही घसघशीत आहे, शेकडो प्रगतिपुस्तकांवर गाजलेली.

"नको मास्तर," बापू म्हणाले. "जिवंत मी आहे. साक्षीदार कशाला?"

आणि काठी टेकत बाहेर. मला राग आला, खोटं कशाला सांगू? रोजचा शेजार, आणि माझी सही चालत नाही. मी चार दिवस त्यांच्याकडे चहाला गेलो नाही. इकडे महिना संपत आलेला. माझी बायको म्हणाली, "अहो, त्यांची पेन्शन थांबेल आणि तुम्ही रुसून काय बसलाय?" पाचव्या दिवशी गेलो.

बापू स्वस्थ बसले नव्हते. पोस्टमन घरी येऊन बोटाच्या ठशावर दाखला करून देतो, हे त्यांनी फोनवर शोधून काढलं होतं आणि त्याला बोलावूनही ठेवलं होतं. पोस्टमन आला, सिन्नरकडचा होता. त्यानं छोटं मशीन टेबलावर ठेवलं. अंगठा लावला, लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल. मग एकेक करून, करंगळ्या सोडून, एकूण आठ बोटं झाली.

"बाबा, ठसे लय पुसट झालेत," पोस्टमन म्हणाला. "मशीनला गावतच नाय. बँकेतूनच करून घ्या, एक साक्षीदार न्या संगं."

बापूंनी बोटं एकमेकांवर चोळली. मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. मग त्यांनी डावी करंगळी पुढे केली.

"पन्नास वर्षं ब्रेल वाचलंय, स्विचबोर्ड चालवलाय. ती बोटं झिजणारच. हिनं मात्र जन्मभर बसून खाल्लंय. हिला लावा कामाला."

हिरवा दिवा लागला. मिनिटभरात मेसेज आला. बाईनं तो एका दमात वाचला, पोस्टमनला अक्षर कळलं नाही. बापू खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "झालो जिवंत. कुणाच्याही साक्षीशिवाय." पोस्टमनलाच इतका आनंद झाला, की जाताना तो बापूंच्या पाया पडला.

तो गेल्यावर माझा राग पुन्हा वर आला. "पण माझ्या सहीत काय खोट होती बापू?"

बापू उठले. कपाटातून एक फाइल काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. घराचं कर्ज, पासबुक, दर वर्षीचे दाखले, सगळ्यांच्या झेरॉक्स. प्रत्येकावर बापूंचा अंगठा, आणि साक्षीदाराच्या जागी एकच सही. मंदा निकुंभ.

"त्या रकान्यात दुसरं कुणाचं नाव घालवेना," बापू म्हणाले. "राग धरू नका."

मी फाइलची पानं उलटत राहिलो.

"मास्तर, कशी आहे हो तिची सही? बोटाला शाई जाणवत नाही. फोनमधल्या या बाईला विचारलं, तर ती नुसतं नाव सांगते. नाव मला माहीत आहे."

मी त्यांचा तळहात उघडला आणि त्यावर बोटानं ती सही गिरवली. शेवटच्या अक्षराची शेपटी मंदाताई मागे वळवून अख्ख्या नावाखालून ओढायच्या, तीही ओढली. बापूंना आपली ही वळणाची अक्षरं नवीन. "सावकाश," ते म्हणाले. "परत एकदा." मी परत गिरवली. मग आणखी एकदा.

चौथ्या वेळी त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि माझ्या तळहातावर स्वतः सही केली. शेपटीसकट, जशीच्या तशी.